कोणीही चढेल अशी बस

आनंदवल्लीच्या थांब्यावर आपला मुलगा प्रफुल्ल उभा दिसला आणि सिटीबसच्या खिडकीशी बसलेल्या पुंजाआबांनी टोपी डोळ्यांवर ओढली. झालं! चोरी पकडली गेली. एरवी रुद्रला सोडायला सून यायची, आणि ती बिचारी पाहूनही न पाहिल्यासारखं करायची.

चोरी कसली, तर नातवाला भेटण्याची. गोवर्धन गावच्या मळ्यातली द्राक्षबाग पोराने न विचारता तोडली, त्यावरून बापलेकाचं वाजलं होतं. "तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाय," असं आबा बोलून बसले. प्रफुल्लनेही मळ्याची वाट सोडली. दोघे शब्दाचे पक्के, म्हणजे एका माळेचे मणी. मधल्यामध्ये तिसरीतला रुद्र आजोबांना पारखा झाला. शाळेच्या पिवळ्या बसजवळ तर बाहेरच्या माणसाला फिरकू देत नसत.

यंदा शाळेला ती बस परवडेना. शाळेने सिटीबसशी जमवून घेतलं. मुलांनी नेहमीच्या थांब्यावर नेहमीच्या बसमध्ये चढायचं, शाळेपाशी बाईंनी उतरवून घ्यायचं. पालक खवळले. "अहो, त्या बसमध्ये कोणीही चढेल!" ही ओरड गोवर्धनपर्यंत पोचली आणि म्हातारा मनातून हरखला. तेव्हापासून आबा रोज गावातून बस धरत, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवत. रुद्र चढला की शाळा येईपर्यंत दोघांच्या तोंडाला खळ नसे.

"आबा, रोज कुठं जाता?" कंडक्टरने एकदा विचारलं.

"शाळंत!" आबा म्हणाले. फार सुखात होते ते.

आता ते सुख सरलं. प्रफुल्लच्या दारात गाडी होती. उद्यापासून तो पोराला गाडीनेच सोडणार, आणि त्याला नको म्हणायला आबांना तोंड कुठे होतं? प्रफुल्लने रुद्रला पायरीवर चढवलं, खिडकीकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. बस निघाली.

रुद्र शेजारी येऊन बसला. आबांनी टोपी वर सारली.

"तुझ्या बापानं पाह्यलं का रं मला? लय चिडला आसंल."

"त्यांना माहितीये की," रुद्र दप्तर मांडीवर घेत म्हणाला. "मीटिंगमध्ये सगळे नको म्हणत होते, तर पप्पा एकटेच भांडले. सिटीबसच पाहिजे म्हणाले, ती तुमच्या गावावरून येते ना."