हिरवी फुली

रंगमंचावर लावलेल्या हिरव्या चिकटपट्टीच्या फुलीची एक कड नखाएवढी सुटली होती. नृत्य शिकवणाऱ्या बाईंनी ती रोजच्यासारखी अंगठ्यानं दाबली. त्यांच्या लेकीनं गिरकी घेऊन नेमकं कुठं थांबायचं, याची ती खूण. लेक जाऊन चार महिने झाले होते. आता तिच्या जागी तिची मैत्रीण नाचत होती. कॉलेजचा वसंतोत्सव परवावर आला, तरी त्या गिरकीला ती अडखळायचीच. “अगं ताडमाडे, पाय कशाला आखडतेस?” मागच्या रांगेतून कुणीतरी चिडवलं. “पूर्ण टाकला, तर फुलीच्या चार बोटं पुढे जातो,” मैत्रीण पुटपुटली. “म्हणून तिच्याएवढाच टाकते.” बाईंना हे महिनाभर दिसत होतं. उद्या बघू म्हणत त्या टाळत होत्या. वाकून त्यांनी पुन्हा सुटलेल्या कडेत नख घातलं. “तू तुझं पाऊल टाक, बाळा. फुली मी हलवते.”