पन्नास मिनिटं

"झोप लागते का?" मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सुनेला विचारलं.

"लागते की, चांगली घोरते," सासूबाई म्हणाल्या. तिसऱ्या प्रश्नालाही त्यांचंच उत्तर आलं, तेव्हा बाईंनी त्यांना बाहेर बसवलं.

पन्नास मिनिटांनी सून डोळे पुसत बाहेर आली, तशा सासूबाई तडक आत शिरल्या.

"माझ्याबद्दल काय बोलली ती?"

"ते सांगता येणार नाही."

"सासू आहे मी तिची."

"तरीही नाही. तिच्या नवऱ्यालाही नाही."

सासूबाईंनी दार लावून घेतलं.

"मग पुढच्या मंगळवारी माझं नाव लिहा. आमचे हे सोबत येतील. चाळीस वर्षं माझी उत्तरं तेच देतायत. त्यांनाही असंच बाहेर बसवा. आणि मी काय बोलले ते विचारायला हे आत आले, तर आत्ता मला सांगितलंत तसंच सांगा. तोंडावर."