लाल कप की निळा?

“अगं, चिऊ दूधच पीत नाहीये!” नवरा फोनवर रडकुंडीला आला होता.

“पिणार का, असं विचारूच नकोस. लाल कपात देऊ की निळ्यात, एवढंच विचार,” सांगून शर्वाणीने फोन ठेवला.

राष्ट्रांच्या सभेत एका गुलाम बेटाच्या स्वातंत्र्यावर मतदान सुरू होणार होतं. भारतातर्फे मतं जमवायचं काम तिचं. एकच मत कमी पडत होतं, आणि ज्यांचं हवं ते वयस्कर राजदूत बेटावर राज्य करणाऱ्या बड्या देशाचा रोष नको म्हणून बाहेर कॉफी पीत रेंगाळले होते.

तिने त्यांना गाठलं. “साहेब, होकाराचं बटण उजव्या हाताने दाबणार की डाव्याने?”

ते खो-खो हसले. “बाई, मीही तीन पोरांचा बाप आहे!”

तिचा चेहरा पडला.

“चला, डाव्याने. उजव्यात कॉफी आहे.”