अकरा फोटो

परसातल्या केळीच्या बुंध्याशी उगवलेल्या अळंबीचा फोटो काढायला विभा वाकली, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर तिला घोणस दिसली. अळंबीच्या मागे, चार-पाच पावलांवर, तिची तीन वर्षांची लेक शाल्मली उभी होती आणि पाचोळ्यातून सरकणारी घोणस तिच्या पायापासून जेमतेम वीतभर लांब होती.

ओरडावं तर पोरगी दचकून पाय उचलणार. धावावं तरी तेच.

"शमू, हलू नकोस हं. तुझा फोटो काढते."

फोटो म्हटलं की शाल्मली पुतळ्यासारखी उभी राहायची, पण खटका वाजला रे वाजला की बघायला धावत सुटायची. म्हणून प्रत्येक खटक्यासरशी विभा म्हणत राहिली, "अजून एक, राणी. हस बघू."

"झाले का गं फोटो?" स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या. "इथे आमटी उतू चाललीय!"

विभाने पुढचा खटका दाबला. अकराव्या फोटोला घोणस कुंपणाखाली दिसेनाशी झाली, तशी तिने धावत जाऊन लेकीला छातीशी कवटाळलं.

संध्याकाळी तिने घरात सगळं सांगितलं. नवऱ्याने मोबाइल उघडला आणि आईपुढे धरला.

"कॉलेजात हेच शिकवलं का गं?" सासूबाई म्हणाल्या. "लेकराच्या पायाशी साप, आणि आई फोटो काढतेय!"

"अहो, ती हलू नये म्हणूनच..."

नवरा एकेक फोटो पुढे सरकवत राहिला. अकराही फोटोंत शाल्मली इतकी खुशीत हसत होती, की विभाचं खरं कुणाला वाटेना.