साडी गार्ड

"याला साडी गार्ड कुठंय?" मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी वाकून गिरीशने विचारलं.

शोरूममधला अमेरिकन सेल्समन डेल 'साडी'चं 'सॉरी' ऐकून गोंधळला. "सॉरी कशाला म्हणता, सर?" तो समजुतीच्या सुरात इंग्रजीत म्हणाला.

अमेयला हसू आवरेना. आई साडी नेसते आणि मागे बसल्यावर ती चाकात अडकू नये म्हणून भारतात जाळी लावतात, हे त्याने डेलला हातवारे करून समजावलं. मग तो वडिलांकडे वळला. "बाबा, इथे साडी गार्ड नसतं. आणि सिक्स्टी-फोरला कुणी फर्स्ट बाइकही घेत नाही. सीरियसली."

"फर्स्ट कुठली? तू जन्मायच्या आधी नागपुरात होती की मला."

वसुधा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. एसटी स्टँडवर एकटी बाई बसते तशी. अमेयला ती हल्ली डॉक्टर समजायची. गिरीशला तर ती ओळखतच नसे. त्याने चहा दिला की "थँक्यू" म्हणायची. नवऱ्याला थँक्यू! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गिरीश बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिला होता.

तिला आठवावं म्हणून जुने अल्बम दाखवून झाले, आरत्यांच्या सीडी लावून झाल्या, प्लेनो शहरातले मोठे डॉक्टरही झाले. त्यांनी खांदे उडवले. मग एका संध्याकाळी घरासमोरून एक मोटरसायकल धडधडत गेली. ड्राइव्हवेवर उभ्या वसुधाने डाव्या हाताने निऱ्या गोळा केल्या आणि उजवा हात हवेत पुढे धरला. गाडी लांब गेली तरी हात तसाच. त्या हाताखाली ज्याचा खांदा हवा होता तो आपण, हे गिरीशला लख्ख कळलं.

लग्न झालं तेव्हा ती कीर्तनवेडी होती. कुठल्या गावात कुठले बुवा उभे राहणार, हे तिला आधी ठाऊक. गिरीश तिला मोटरसायकलवर घेऊन जायचा. अर्धा रस्ता डांबरी, पुढे शेतांमधली पांदण, बैलगाडीच्या चाकोऱ्यांची. गिरीशला पूर्वरंगातच डुलकी लागायची. मग परतीच्या वाटेवर ती मागे बसून अख्खं आख्यान त्याच्या कानात ओतायची. तिचं लाडकं आख्यान एकच. देव भक्ताच्या घरी गडी होऊन येतो, पाणी भरतो, बोलणी खातो, आणि त्याला कुणी ओळखत नाही. पांदणीतल्या धक्क्यांनी तिचा आवाज हेलकावे खायचा. "अहो, घरात होता हो देव! आणि ओळखलं नाही की कुणी!" असं म्हणून ती दर खेपेला रडायची.

"मग क्रूझर घ्या ना," अमेय म्हणाला. "लो सीट, कम्फर्टेबल. आईला घेऊन नेबरहुडमध्ये फिरा. मातीत चालणारी कशाला हवी?"

"नुसत्या डांबरीवर भागणार नाही रे. फ्रिस्को गावाच्या पलीकडे अजून कापूस आहे, काळी माती आहे. तिथले धक्के बसले पाहिजेत तिला. पूर्वरंग कितीही रंगला तरी देव भेटतो तो उत्तररंगात."

"व्हॉट?"

"काही नाही. ती पांढरी बघू."

पांढरी दोन्ही रस्त्यांना उत्तम होती, पण उंच. गिरीशचे पाय अधांतरी लोंबकळले. डेलने चटकन हँडल धरलं म्हणून निभावलं. अमेय मुद्दाम शेजारच्या गाडीची किंमत वाचू लागला. ते गिरीशला जास्त लागलं. दुसरी निळी. तिची सीट लांब होती, मागे बसणाऱ्यासाठी पायरी होती, आणि डेल म्हणाला की ती थोडी खाली बसवून देता येईल. आताच चवडे टेकत होते. पांडुरंगा, गिरीश मनात म्हणाला, फार मागत नाही. एकदा ओळखू दे.

निळी मागच्या अंगणात नेऊन डेलने चालू केली आणि गिरीश तिच्यावर बसला. एका सिलिंडरचा तो जुना, ओळखीचा ठोका सुरू झाला.

आत वसुधा खुर्चीतून उठली.

ती सरळ दार ढकलून बाहेर आली. अमेय धावला, "आई, केअरफुल!" तिचं लक्षच नव्हतं. निऱ्या सावरून, दोन्ही पाय एका बाजूला सोडून ती गिरीशच्या मागे बसली आणि उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. अंगठा मानेजवळच्या त्याच जुन्या जागी आला. खूप दिवसांनी तिने आपण होऊन त्याला हात लावला होता. अमेयने तोंड फिरवून डोळे पुसले.

वसुधा त्याच्या कानाशी वाकली.

"भाऊ," ती अदबीने म्हणाली, "कीर्तन सुटलं बघा. तेवढं पांदणीच्या तोंडापर्यंत सोडता का? तिथं आमचे हे वाट बघत असतील. मी दिसले नाही तर जीव घाबरा होतो त्यांचा."

"बाबा..." अमेय पुढे झाला. गिरीशने त्याला हातानेच थांबवलं. त्याने समोर पाहिलं, दोन्ही मुठी हँडलवर घट्ट आवळल्या.

"बसा वहिनी," तो म्हणाला, "पदर तेवढा सांभाळा. या गाडीला साडी गार्ड नाही."