गार पाण्याची वाट

उद्घाटनाचं भाषण संपलं, मंत्र्यांची गाडी वळली आणि इंजिनियरनं तापलेली नदी गार करणारी यंत्रं बंद केली.

“अहो, मासे अजून अर्ध्या वाटेत आहेत!” धक्क्यावर मासळी विकणारी द्वारकी ओरडली. कित्येक वर्षांनी समुद्रातले मासे अंडी घालायला त्या गार पाण्यातून नदीत वर चढले होते.

“मावशी, रोज चालवायला वीज कुठाय?”

बघता बघता नदी पुन्हा कढत झाली. गाभोळीनं फुगलेले मासे उताणे तरंगू लागले.

इंजिनियर खाली धक्क्यावर उतरला. “यातले चार मोठे बर्फात घालून द्या. मंत्रीसाहेबांकडे पाठवायचेत.”

द्वारकीनं बर्फाची अख्खी पाटी त्याच्या बुटांवर उपडी केली.

“आता कसला बर्फ घालतोस रे? जिवंत होते तेव्हा घालायचा होतास!”