एंगेज्ड नर्स

तार वाचून नरहररावांनी ती जमिनीवर भिरकावली.

"मदर बेटर. एंगेज्ड नर्स!" ते दात खाऊन म्हणाले. "आईला बरं करायला गेला, अन् तिथल्या नर्सशी लग्न ठरवून मोकळा झाला! रोग्यांची घाण उपसणारी सून माझ्या घरात?"

राजेश्वर गावात इंग्रजी येणारे ते एकटेच, निवृत्त मास्तर. बाकीचं गाव त्यांच्या लेखी दगडधोंडे. बायको सुमतीबाईही त्यातच. तिला घेऊन एकुलता एक हणमंत हैदराबादच्या दवाखान्यात गेला, त्याला महिना होत आला होता. तार त्याचीच होती.

ती हुमनाबादहून आणणारा ग्यानबा, मास्तरांचं शेत वाट्यानं करणारा, ओसरीखाली उभा होता.

"मास्तर, इंगेज म्हंजे काय म्हनायलाव?"

"लग्न ठरणं. तुझ्या सात पिढ्यांना कळायचं नाही ते."

"शहाबादच्या खाणीवर आमचा सायेब म्हनायचा, आज पन्नास गडी इंगेज केले." ग्यानबानं डोकं खाजवलं. "पन्नासांसंगं लगीन लावलं व्हय त्यानं? कामाला ठिवले म्हनायचा."

"गप! खाणीतलं इंग्रजी मला शिकवायलास?"

पण आत जाऊन त्यांनी हळूच डिक्शनरी उघडली. दुसरा अर्थ छापलेलाच होता : कामावर ठेवणे.

म्हणजे आईच्या सेवेला एक बाई ठेवली, एवढंच! नरहररावांचा जीव भांड्यात पडला. पण बाहेर आले ते तोऱ्यातच.

"शब्दाला दोन-दोन अर्थ असतात, अडाण्या. त्यातला नेमका उचलायला अक्कल लागते. ही घे उत्तराची तार, नीट पोचव."

तारेत चारच शब्द होते : व्हेरी गुड. कीप हर.

"काय लिव्हलाव?"

"छान केलंस, ठेवून घे तिला. जा आता."

ग्यानबा हुमनाबादच्या वाटेला लागला.

दहा दिवसांनी सुमतीबाईंचं पत्र आलं. नरहररावांनी चष्मा पुसून वाचायला घेतलं.

"आता मी हिंडती-फिरती झाले आहे. तुम्ही आकाशपाताळ एक कराल, अशी धास्ती होती. नर्स पोर गुणाची, पण परजातीची. मात्र तुमची तार आली आणि हणमंत म्हणाला, बाबांनीच होकार दिलाय, आता कशाला थांबायचं? गुरुवारी आर्यसमाजात लग्न लावून दिलं. मला लिहिता येत नाही, तेव्हा हे पत्र तुमची सून शरणम्माच लिहितेय."